सिस्टीम घेत नाही

‘सिस्टीम घेत नाही.’

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात, रेशन दुकानात, स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना. समोरचा माणूस स्क्रीनकडे बघतो, दोन-तीनदा एंटर दाबतो आणि मान हलवतो. आपण भांडायचं तरी कुणाशी? तो बिचारा नाही म्हणतच नाहीये. त्याला द्यायचंय. सिस्टीम घेत नाही.

शाळेत वाक्यातला कर्ता ओळखायला शिकवतात. क्रियापदाला ‘कोण?’ असं विचारायचं. कोण घेत नाही? सिस्टीम. म्हणजे सिस्टीम हा कर्ता. व्याकरणाचा मार्क मिळाला. पण मराठीत ‘कर्ता’ हा शब्द व्याकरणाच्या पुस्तकाबाहेरही राहतो. घरातला कर्ता माणूस म्हणजे ज्याच्या जिवावर घर चालतं तो, आणि कुणी जाब विचारायला दारात आलं तर ज्याला पुढे व्हावं लागतं तोही. या दुसऱ्या अर्थाने त्या वाक्यातला कर्ता शोधायला गेलं, तर उत्तर ‘सिस्टीम’ असूच शकत नाही. ती कधी दारात येत नाही.

मग कोण? हा प्रश्न मी हौसेने विचारत नाहीये, माझा पगार त्याच्याशी बांधलेला आहे. मी पुण्यातल्या एका कर्ज देणाऱ्या संस्थेत आयटी आणि डिजिटल विभागाचा प्रमुख आहे. शाखांमधले काउंटर, मोबाइल अ‍ॅप, ग्राहकांची कागदपत्रं, वसुली, हे सगळं ज्या यंत्रणेवर चालतं तिच्याखाली शेवटची सही माझी असते. गाव पिंगळी, परभणी आणि पूर्णा यांच्या मधलं छोटं स्टेशन. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर. संस्थेचे बरेच ग्राहक अशाच गावांतले आहेत. म्हणजे एका बाजूला मी सही करतो, आणि दुसऱ्या बाजूला माझीच माणसं रांगेत उभी असतात.

लोकांना वाटतं, आयटीचा प्रमुख म्हणजे सर्व्हर चालू ठेवणारा माणूस. ते काम आहेच. पण त्याहून मोठं काम आहे रकाने ठरवण्याचं. कोणता रकाना सक्तीचा, कुठे लाल चांदणी, नावात किती अक्षरं मावतील, कोणती दोन नावं एकाच माणसाची मानायची आणि कोणती ‘जुळत नाहीत’ म्हणून परत पाठवायची. यातली एकेक गोष्ट कुणीतरी बसून ठरवलेली असते. बहुतेक वेळा एसी खोलीत, चहा-बिस्किटांसोबत, अर्ध्या तासात.

माझ्या गावाच्या नावात ळ आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ ला स्वतःची हक्काची जागा आहे, ०९३३ हा त्याचा क्रमांक. पण बहुतेक फॉर्म नाव इंग्रजीत मागतात आणि इंग्रजीत ळ नाही. पिंगळीचं पिंगली होतं. मधे कधी ‘ए’ येतो, कधी येत नाही. माणसांच्या नावांचंही तेच. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, सातबारावर सासरचं. गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की ही एकच बाई आहे. यंत्राला मात्र दोन बाया दिसतात आणि त्यांतली एक खोटी असावी असा संशय येतो. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. सांगणारा माझ्यासारखा कुणीतरी असतो.

याचा मोठा अनुभव महाराष्ट्राने २०१७ मध्ये घेतला. २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असं सांगितलं गेलं. अर्ज ऑनलाइन होते. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, पहिल्या शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं देण्याचा समारंभ झाला आणि त्यानंतर गाडी अडकली. बँकांकडची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावं निघाली. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ती माणसं खरी होती, त्यांची शेतं खरी होती, कर्जही खरं होतं. रकाने जुळत नव्हते.

आता आमच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगतो. माझ्या खोलीतल्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. त्यावर सगळ्या सेवा ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात. हिरवा ठिपका म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. आमचं उद्दिष्ट ९९.९ टक्के, म्हणजे वर्षभरात मिळून जेमतेम पावणेनऊ तास बंद राहिलेलं चालेल. हे उद्दिष्ट गाठायला माणसं रात्री-अपरात्री उठतात, सणावाराला लॅपटॉप घेऊन बसतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्या स्क्रीनवर एक माणूस कधीच दिसत नाही. सिस्टीम व्यवस्थित चालू असताना जिला परत पाठवलं, ती बाई. उलट तिला परत पाठवणं हे सिस्टीमच्या हिशेबात नीट पार पडलेलं काम असतं. विनंती आली, तपासली, एका सेकंदाच्या आत नाकारली. हिरवा ठिपका.

मीटिंगमध्ये आम्ही म्हणतो, फक्त दोन टक्के अर्ज अडकतात. एक लाखात दोन हजार. आकडा लहान वाटतो, कारण मनात कुठेतरी असं असतं की हे दोन हजार लोक कुठूनही आलेले असतील. आज मी, उद्या तुम्ही. तसं नसतं. आज अडकलेला माणूस उद्याही अडकतो, आणि दुसऱ्या ठिकाणीही अडकतो. ज्याची बोटं घासली गेली आहेत, ज्याच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचं आहे, जिचा नंबर मुलाच्या मोबाइलवर आहे आणि मुलगा ऊसतोडीला गेलाय. दोन टक्के ही सरासरी आमच्या कागदावर असते. त्या माणसासाठी ते रोजचं जगणं असतं.

माझी माय त्या दोन टक्क्यांतली आहे. आयुष्यभर कापूस वेचून आणि भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. मागे एकदा एका काउंटरवर तिचा अंगठा चार वेळा लावून झाला, मशीन घेईना. तिने संध्याकाळी फोनवर सांगितलं ते असं: ‘मी म्हणलं त्याला, मी हाय की इथं उभी. मशीनला दिसंना तर तू बघ की माझ्याकडं.’ तो मुलगा गावातलाच, तिला लहानपणापासून ओळखणारा. त्याला ती दिसत होती. पण ‘मी हिला ओळखतो’ हे म्हणायला त्याच्या स्क्रीनवर जागा नव्हती.

पूर्वी अंगठाछाप म्हणजे अडाणी. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला की माणूस बांधला जायचा. आता अंगठा उठला नाही की माणूस सुटा पडतो. दोन्ही वेळा अंगठा त्याचाच आणि कागद दुसऱ्याचा.

इथे थांबून दुसरी बाजू मांडायला हवी, नाहीतर हा लेख नुसता उसासा होईल. काउंटरवरचा माणूस पूर्वी फार दयाळू होता का? आमच्या भागात कुणालाही विचारा. ‘साहेब जेवायला गेलेत.’ ‘उद्या या.’ ‘चहापाण्याचं बघा.’ माणूस ओळखीचा असला की काम व्हायचं, आणि ओळख बहुतेक वेळा जातीची, पैशाची किंवा पुढाऱ्याची असायची. त्या काउंटरवरचा ‘मी हिला ओळखतो’ हाच अधिकार ‘मी हिला ओळखत नाही’ म्हणण्यासाठीही वापरला जायचा. यंत्राला जात दिसत नाही. आज डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर मिळतो. त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीला हे खरं वाटलं नसतं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा त्यामागचा विचारही हाच होता की ज्याच्याकडे धड कागद नाही त्यालाही आपली ओळख सांगता यावी.

म्हणजे पेच असा आहे. माणसाच्या हातात अधिकार दिला की वशिला शिरतो. यंत्राच्या हातात दिला की निर्दयपणा शिरतो, आणि तोही कुणाच्या मनात निर्दयपणा नसताना. यातलं काय निवडायचं?

उत्तराकडे जाण्याआधी, हा पेच इतरांनी कसा हाताळला ते बघू. ब्रिटनमधल्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली पोस्टांमध्ये बसवली. तिच्या हिशेबात गल्ल्यातले पैसे कमी दिसायला लागले. पोस्ट चालवणारी साधी माणसं सांगत राहिली की आम्ही काही घेतलेलं नाही. हेल्पलाइनवर फोन केला की अनेकांना ऐकायला मिळायचं, ही अडचण फक्त तुमच्याकडेच आहे. तिथल्या कायद्याची धारणाही अशी की उलट पुरावा नसेल तर संगणक बरोबर चालतोय असं मानायचं. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरं गेली. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं. इतकी वर्षं का लागली? कारण ‘यंत्र चुकतंय’ असं म्हणणारा प्रत्येक जण एकटा होता, आणि ते सगळे आवाज एका ठिकाणी मोजणारं कुणी नव्हतं.

दुसरं उदाहरण माझ्या खुर्चीच्या जास्त जवळचं. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्याच टीएसबी बँकेने ५२ लाख ग्राहकांचे व्यवहार एका शनिवार-रविवारी जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवले. सोमवारपर्यंत लोकांचे हाल सुरू झाले होते, आणि सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेला दंड झाला, तो अपेक्षितच होता. पण एप्रिल २०२३ मध्ये नियामकाने बँकेच्या आयटी प्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड केला. कारण असं की, नवी यंत्रणा चालवणारी पुरवठादार कंपनी खरंच तयार आहे याची पुरेशी खात्री त्याने करून घेतली नव्हती. ‘व्हेंडर म्हणाला’ हे उत्तर नियामकाने चालवून घेतलं नाही. वाक्यातला कर्ता शोधून काढला आणि दारात बोलावला.

आपल्याकडेही २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचं ठरवलं. निकाल लांबत गेले. ३१ जुलैची मुदत उलटली, पुढच्या प्रवेशासाठी ताटकळलेली मुलं रोज पोर्टल उघडून बघत राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तुमच्यापैकी काहींच्या दादा-ताईंनी ते दिवस काढले असतील. कर्ता सापडला, पण निकाल अडकल्यानंतर. शिक्षा झाल्याने ताटकळलेल्याचं वर्ष परत येत नाही. म्हणून कर्ता सापडणं पुरेसं नाही. तो आधीपासून खुर्चीत बसलेला असला पाहिजे.

आमच्या क्षेत्रात भीतीची कमतरता नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. त्यानंतर प्रत्येक संस्थेच्या बोर्डात सायबर सुरक्षेचा विषय वर आला, आणि यायलाच हवा होता. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत तर स्पष्ट लिहिलं की माहिती सुरक्षेचा प्रमुख थेट आयटी प्रमुखाच्या हाताखाली नसावा आणि त्याला धंद्याची टार्गेट देऊ नयेत. ही फार शहाणपणाची तरतूद आहे. ज्याचं काम ‘थांबा’ म्हणण्याचं आहे, त्याचा पगार ‘चला’ म्हणण्यावर अवलंबून असता कामा नये.

पण बघा, हा सगळा बंदोबस्त चोर आत येऊ नये म्हणून आहे. आपला माणूस बाहेर राहू नये म्हणून ‘थांबा’ म्हणणारं पद आमच्या ऑफिसच्या तक्त्यात कुठेच नाही.

मला वाटतं, खरी गाठ इथेच आहे. चुकीचा ‘हो’ सापडतो. चुकीचा ‘नाही’ सापडत नाही. नको त्या माणसाला कर्ज दिलं तर ते बुडतं, ताळेबंदात दिसतं, ऑडिटर विचारतो, कुणाची तरी बदली होते. योग्य माणसाला परत पाठवलं तर तो एसटी पकडून घरी जातो. त्याची नोंद कुठेही होत नाही. तो सावकाराकडे गेला का, पेरणी राहिली का, मुलीची फी कुठून भरली, यातलं काही माझ्या डेटाबेसमध्ये येत नाही. ज्याची नोंद होत नाही ती चूक सुधारतही नाही. मग यंत्रणा हळूहळू ‘नाही’कडे कलत जाते. कुणी दुष्ट नसतो. एका बाजूच्या चुकीला शिक्षा असते आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीला नाव नसतं, एवढंच.

हे मी आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या संस्थेत नवी प्रणाली येऊ घातली आहे. जुन्या प्रणालीत एक आडवाट होती. कागदपत्रं जुळली नाहीत तरी शाखेतला अधिकारी स्वतः खात्री करून, कारण लिहून अर्ज पुढे पाठवू शकायचा. नवीन प्रणालीत ही वाट बंद करावी, असा प्रस्ताव माझ्या सहीसाठी आला आहे. व्हेंडरचं म्हणणं, त्या नोंदींनी डेटा घाण होतो. माझ्याच टीममधल्या एका हुशार मुलीने आकडे काढून दाखवले की काही शाखा जवळजवळ सगळेच अर्ज त्या वाटेने ढकलतात आणि एका ठिकाणी ती वाट चक्क ओळखीपाळखीसाठी वापरली गेली. तिचे आकडे खरे आहेत. वशिला खरंच शिरला आहे. ती मला म्हणाली, ‘सर, तुम्ही भावनिक होताय.’ तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. तिच्या वडिलांना अशाच एका काउंटरवर वर्षभर ‘उद्या या’ ऐकावं लागलं होतं. तिच्या लेखी यंत्राचा आंधळेपणा हाच न्याय आहे.

मी तिला जे सांगितलं ते इथे लिहितो. वशिला अंधारात चालतो. त्यामुळे दार बंद करण्याआधी तिथे दिवा लावून बघायला हवा. अधिकाऱ्याने आडवाट वापरावी, पण त्याच्या नावाने. कारण त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं, यादीतून टिचकी मारून निवडू नये. ते कोण वाचतंय हे त्याला माहीत असावं. यंत्र या कामात माणसापेक्षा चांगलं आहे. ते विसरत नाही आणि कुणाला घाबरत नाही. त्याच्याकडून निर्णय घेण्याऐवजी साक्ष घ्यावी.

त्यावर तिचा प्रश्न बिनतोड होता. ‘नाव लागणार असेल तर कोण ती वाट वापरेल? सगळे नाहीच म्हणतील. तेच सुरक्षित.’ बरोबर आहे. फक्त ‘हो’ म्हणणाऱ्याचं नाव लागलं तर तसंच होईल. म्हणून ‘नाही’लाही नाव लागलं पाहिजे. अर्ज नाकारला की ‘नाकारण्यात आला आहे’ असा बिननावाचा मेसेज जाऊ नये. कोणत्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची, त्याचं नाव, ऑफिसचा नंबर आणि उत्तराची मुदत मराठीत जावी. भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरव्या ठिपक्यांशेजारी आणखी एक आकडा असावा: आज किती जणांना परत पाठवलं आणि त्यांतले किती नंतर योग्य ठरले. आणि दर महिन्याला परत गेलेल्यांपैकी २० जणांना विभागप्रमुखाने स्वतः फोन करावा. ग्राहक समाधानाचा सर्व्हे म्हणून नव्हे. नुसतं विचारायला, की पुढे काय झालं?

नियम असून भागत नाही, हे आपण पाहिलेलं आहे. बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून रेशन नाकारू नये, असं केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. परिपत्रकात असं वाक्य असणं ही एक गोष्ट, आणि काउंटरवरच्या मुलाच्या स्क्रीनवर त्यासाठी बटण असणं ही दुसरी. पहिलं काम धोरण ठरवणारे करतात. दुसरं आम्ही करतो. न बनवलेलं बटण हासुद्धा निर्णयच असतो, फक्त त्याखाली कुणाची सही दिसत नाही.

तुमच्यातले बरेच जण उद्या या क्षेत्रात येतील. कुणी फॉर्म बनवेल, कुणी तपासेल, कुणी प्रमुख होईल. ते नसलं तरी आयुष्यभर काउंटरच्या एका ना एका बाजूला उभे राहालच. तेव्हा एक साधी सवय लावून घेता येईल. कुणी ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणालं की न चिडता विचारायचं, ‘मग कोण घेऊ शकतं?’ उत्तर मिळालं तर ती यंत्रणा अजून माणसांची आहे. नाही मिळालं तर तिथे कर्ता नाही, आणि कर्ता नसलेल्या घराचं काय होतं ते आपल्याला गावात बघायला मिळतंच.

माझ्या अटी लिहून मी वर पाठवल्या आहेत. अर्थविभागाने विचारलंय की या जादा माणसांचा पगार कोणत्या खर्चात धरायचा. व्हेंडरने कळवलंय की दोन महिने जास्त लागतील आणि त्याचे पैसे वेगळे. ती मुलगी अजून पूर्ण पटलेली नाही, पण ‘परत पाठवलेले’ या आकड्याचा रकाना तिनेच डिझाइन केलाय. नाव तीस अक्षरांचं ठेवलं होतं, ते तिने स्वतःहून शंभर केलं. ळ सकट.

मीटिंग सोमवारी आहे.